आधी करार काढा, मग बॅग

मंगळवारची रात्र, साडेनऊ वाजलेत. तुमच्या मोबाइलवर घरमालकाचा मेसेज येतो: ‘कृपया रविवारपर्यंत फ्लॅट रिकामा करावा. सोसायटीच्या तक्रारी आहेत.’ खाली हात जोडलेला इमोजी. तुमची सेमिस्टर दहा दिवसांवर आलीय, डबा अजून उघडलेला नाही, आणि ज्या शहरात तुम्ही राहता तिथे तुमचं रक्ताचं कुणी नाही. सगळ्यात आधी काय कराल?

मी सांगते. पलंगाखालची बॅग बाहेर ओढाल. आम्हीही तेच केलं होतं.

गेल्या डिसेंबरची गोष्ट आहे. पुण्यात कर्वेनगरला आम्ही तिघी एका वन बीएचकेमध्ये राहायचो. मी, एमपीएससीची तयारी करणारी एक ताई आणि इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला असलेली आमची छोटी. भाडं १८ हजार, म्हणजे माणशी सहा. डिपॉझिट ५० हजार. ऑगस्टपासूनचा अकरा महिन्यांचा करार, म्हणजे जूनअखेरपर्यंत काही बघायला नको, असं आम्ही धरून चाललो होतो. करारात काय लिहिलंय ते मात्र तिघींपैकी एकीनेही धड वाचलेलं नव्हतं. मी मास कॉमची विद्यार्थिनी, रोज दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढते, आणि माझ्या डोक्यावरच्या छपराचा कागद मी पहिल्या पानापुरता पाहिला होता. तोही एजंटने पाठवलेला फोटो. अर्धा काळा, कारण सावली पडली होती.

आता हे वाचताना तुमच्या डोक्यात जो विचार येतोय तो आमच्याही आला होता. घर त्यांचं आहे. ते जा म्हणाले तर जायला हवं. आपण कोण?

मला या लेखात एवढंच म्हणायचंय की हा ‘आपण कोण’ प्रश्न आपण फार लवकर विचारतो, आणि चुकीच्या माणसाला विचारतो. त्याचं उत्तर मालकाकडे नसतं, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तर नसतंच नसतं. ते करारात असतं. आणि घर रिकामं करायला लावण्याचा अधिकार नोटिशीत नसतो. नोटीस म्हणजे समोरच्याने तुम्हाला कळवलेली त्याची इच्छा. हुकूम असतो तो कोर्टाचा किंवा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे दर वर्षी कितीतरी मुलं ऐन परीक्षेत टेम्पो शोधत फिरतात.

तर त्या रात्री ताईने एजंटला फोन लावला. तो म्हणाला, ‘मॅडम, काका म्हणतायत तर सोडून द्या ना, मी दुसरा फ्लॅट दाखवतो.’ दुसऱ्या फ्लॅटची ब्रोकरेज त्यालाच मिळणार होती, हे आमच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. वर्गातल्या एका मित्राने वेगळाच सल्ला दिला: ‘भाडं द्यायचंच बंद करा, डिपॉझिटमधून वळतं करून घ्या.’ हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देणार, म्हणून आताच सांगून ठेवते. असं करू नका. ज्या क्षणी तुम्ही भाडं थांबवता, त्या क्षणी वादाचा विषय बदलतो. तोपर्यंत नियम मोडणारा तो असतो, त्यानंतर थकबाकीदार तुम्ही असता.

आणि मी लातूरला घरी फोन केला. पप्पा शांतपणे म्हणाले, ‘निघा म्हणला तर निघायचं. दुसऱ्याचं घर हाय ते. कशाला नादी लागायलीस?’

पप्पांचं वाक्य इथेच ठेवते. त्यावर परत यायचंय.

दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीने तिच्या लॉ कॉलेजातल्या विधी साहाय्य केंद्राचा पत्ता दिला. बऱ्याच लॉ कॉलेजांत असं केंद्र असतं. मुलं प्रॅक्टिस करतात आणि मागे एखाद्या अनुभवी वकील बसलेल्या असतात. आम्ही तिघी गेलो, रडवेल्या आवाजात सगळी हकीकत सांगितली. वकील मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘करार दाखवा.’ मी मोबाइल पुढे केला. त्यांनी तो काळपट फोटो झूम करून पाहिला आणि विचारलं, ‘उरलेली पानं?’

उरलेली पानं मिळवायला दीड दिवस गेला. मालक देईनात, एजंट फोन उचलेना. शेवटी ज्या नोटरीकडे करार झाला होता तिथे जाऊन झेरॉक्स मिळवली. म्हणून पहिली विनंती: आज, आत्ता, भांडण नसताना, तुमच्या कराराची सगळी पानं स्कॅन करून स्वतःला ई-मेल करा. बाकी लेख नंतर वाचलात तरी चालेल.

त्या पानांत काय होतं? सातव्या कलमात सहा महिन्यांचा लॉक-इन. म्हणजे ३१ जानेवारीपर्यंत ना आम्ही सोडू शकत होतो ना ते काढू शकत होते. नवव्यात, लॉक-इननंतर कुणालाही करार संपवायचा असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस. मालकांनी दिले होते पाच दिवस. कागदावर त्यांनीच सही केली होती.

तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच मिटला. नाही. कारण चौथ्या कलमात लिहिलं होतं की या जागेत करारात नाव असलेल्या व्यक्तीच राहतील, आणि करारात नावं दोघींचीच होती. छोटी सप्टेंबरमध्ये आली होती. मालकांना आम्ही तोंडी सांगितलं होतं, ते ‘हो हो, राहू दे’ म्हणाले होते. आता त्यांच्या दुसऱ्या मेसेजमध्ये तेच कारण होतं: ‘करारात नसलेली व्यक्ती बेकायदा राहत आहे.’

त्या रात्री छोटीने आपली बॅग भरली. म्हणाली, ‘मी गेले की तुमचं निस्तरेल.’ तिची परीक्षा आमच्याही आधी सुरू होणार होती. ताईने बॅगेची चेन उघडून कपडे परत कपाटात ठेवले, एक शब्दही न बोलता. वाद फक्त कायद्याचा आहे असं तोवर मला वाटत होतं. त्या रात्री कळलं की मालकांनी आमच्यातली सर्वांत कच्ची कडी बरोबर हेरलीय आणि आता ती आम्हीच तोडायची वाट बघतायत.

मॅडमनी मात्र वेगळंच विचारलं. ‘ती तिचं भाडं कुणाला देते?’ छोटी दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतःच्या खात्यातून थेट मालकांच्या यूपीआयवर सहा हजार पाठवायची. रिमार्कमध्ये ‘रेंट ऑक्टोबर’, ‘रेंट नोव्हेंबर’ असं लिहून. ही सवय तिला तिच्या आईने लावली होती, हिशेब राहावा म्हणून. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. मालक तीन महिने जिच्याकडून स्वतः भाडं घेतायत, ती तिथे राहते हे मला माहीतच नव्हतं असं त्यांना सहज म्हणता येणार नाही. चौथं कलम आपल्या विरुद्ध आहेच, पण ते पूर्वीइतकं धारदार राहिलं नाही.

आता थोडा कायदा. कंटाळू नका, अगदी थोडा आहे.

महाराष्ट्रात विद्यार्थी राहतात त्या बहुतेक घरांचा करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ असतो. म्हणजे कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘भाडेकरू’ नसता, ‘परवानाधारक’ असता. जागा वापरायची परवानगी, ठरावीक मुदतीपुरती. हा फरक किचकट वाटतो पण महत्त्वाचा आहे, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये भाडेकरूला जे भक्कम संरक्षण आहे ते सगळं परवानाधारकाला जसंच्या तसं मिळत नाही. उलट याच कायद्याचं २४वं कलम सांगतं की लायसन्सची मुदत संपली की जागा सोडायचीच. नाही सोडली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून कुणी ‘बसून राहा, काय करतो तो’ म्हणालं तर आधी कराराची शेवटची तारीख बघा. मुदत संपली असेल तर छाती काढून बसण्यात अर्थ नाही.

पण मुदत चालू असेल तर? मग मालकालाही करारात लिहिलेल्या वाटेनेच जावं लागतं. आणि कोणत्याही परिस्थितीत, मुदत चालू असो वा संपलेली, कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढून ठेवणं, चार माणसं आणून धमकावणं हा त्याचा मार्ग नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाले खटल्यात हे स्पष्ट केलंय: ज्याचा जागेवर स्थिर ताबा आहे, त्याला तिथे राहायचा हक्क उरला नसला तरी कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढता येतं. ‘हक्क उरला नसला तरी’ हे शब्द परत वाचा. आणि कुणी तुम्हाला असं जबरदस्तीने काढलंच, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या सहाव्या कलमाखाली ताबा परत मागण्याचा दावा लावता येतो. मात्र सहा महिन्यांच्या आत.

आणखी एक कलम आहे, ५५वं. हे माझं लाडकं. अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करायची गरज नसते, हे वाक्य तुम्ही एजंटच्या तोंडून ऐकलं असेल. ही समजूत नोंदणी कायद्यातून आलीय. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिने. पण महाराष्ट्रात १९९९ चा कायदा लागू झाल्यापासून प्रत्येक भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. आणि ती नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणखी गंमत पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, समोरचा ते खोटं ठरवत नाही तोपर्यंत.

आमचा करार पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी केलेला होता. रजिस्टर नव्हता. ‘उगाच खर्च कशाला’ म्हणून. खर्च किती, तर आमच्या भाड्याला स्टँप ड्युटी साधारण ५०० रुपये आणि शहरी भागातलं नोंदणी शुल्क १,००० रुपये. ऑनलाइन होतं, माणूस बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन घरी येतो. त्याचे पैसे वेगळे. तिघींत वाटले असते तर एका रविवारच्या पिझ्झाएवढा भुर्दंड. तो वाचवला मालकांनी, आणि त्यामुळे कुठल्याही सरकारी टेबलासमोर जायची वेळ आली असती तर पहिला अवघड प्रश्न त्यांनाच विचारला गेला असता.

मग आम्ही उत्तर लिहिलं. पहिला मसुदा माझा होता. पत्रकारितेचं सगळं शिक्षण पणाला लावून लिहिला होता. ‘आपली दडपशाही’, ‘आम्ही गप्प बसणार नाही’, ‘कायदेशीर कारवाईस तयार राहा’ वगैरे. मॅडमनी लाल पेन घेतला आणि अर्ध्याहून जास्त मजकूर उडवला. म्हणाल्या, ‘हे पत्र उद्या कोर्टात मोठ्याने वाचलं जाईल असं समजून लिही.’ उरलं ते एक पान. तुमचा मेसेज अमुक तारखेला मिळाला. करार अमुक तारखेचा. कलम सातनुसार लॉक-इन ३१ जानेवारीपर्यंत, कलम नऊनुसार एक महिन्याची लेखी नोटीस. डिसेंबरपर्यंतचं भाडं भरलेलं आहे, तपशील सोबत. तिसरी व्यक्ती तुमच्या संमतीने सप्टेंबरपासून राहते व तुम्हाला थेट भाडं देते. सोसायटीची तक्रार काय आहे ते लेखी कळवावं. बोलणी करायला आम्ही तयार आहोत. खाली तिघींच्या सह्या.

हे स्पीड पोस्टने पाठवलं आणि त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवरही. पोस्टाची पावती ताईने तिच्या नोट्सच्या फाइलमध्ये लावली, ‘राज्यघटना’ आणि ‘चालू घडामोडी’च्या मधे.

इथे एक सूचना. ‘व्हॉट्सॲपवर आलीय म्हणजे नोटीस नाहीच’ असं म्हणत निवांत राहू नका. ती करारानुसार पुरेशी आहे की नाही हा वेगळा वाद. उत्तर द्या, आणि ते चॅट अजिबात डिलीट करू नका. आणि खरोखरच सक्षम प्राधिकाऱ्याचं किंवा कोर्टाचं समन्स हातात पडलं तर तो मात्र खेळ नाही. सक्षम प्राधिकाऱ्यासमोर बाजू मांडायची परवानगी मागायला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असतात. ते चुकले तर मालकाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं. पोस्टमनला ‘घरी कुणी नाही’ सांगून कुणाचंही भलं झालेलं नाही.

पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचं पाणी गेलं. फक्त आमचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे येत होतं. भाडे नियंत्रण कायद्याचं २९वं कलम मालकाला पाणी-विजेसारख्या अत्यावश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडायला मनाई करतं. ते ‘भाडेकरू’साठी लिहिलेलं आहे, त्यामुळे लायसन्सवाल्यांच्या बाबतीत वकील त्यावर वाद घालू शकतात. पण रात्री आठ वाजता बादली रिकामी असताना कलम कुठलं हा प्रश्न मागे पडतो. आम्ही कोरड्या नळाचा, बंद कॉकचा आणि काकूंच्या वाहत्या नळाचा व्हिडिओ घेतला आणि पोलीस चौकीत गेलो.

चौकीत जे ऐकायला मिळालं ते तुम्हालाही मिळेल: ‘ही दिवाणी बाब आहे, आपसात मिटवा.’ अर्धं बरोबर आहे. घर कुणी कधी सोडायचं हे पोलीस ठरवत नाहीत. तुम्हाला बाहेर काढणं हेही त्यांचं काम नाही, हे लक्षात ठेवा, कारण मालक त्यांचंच नाव घेऊन घाबरवतात. पण धमकी, अडवणूक, घरात घुसणं या दिवाणी बाबी नाहीत. आम्ही भांडलो नाही. लेखी अर्ज दिला, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मागितला. शिक्का मिळायला चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत चौकीतून कुणीतरी मालकांना फोन केला असावा, कारण घरी पोचलो तेव्हा पाणी आलेलं होतं. (दारावर माणसंच आली आणि भीती वाटली तर अर्ज लिहीत बसू नका, ११२ फिरवा.)

आता पप्पांकडे येते.

तुम्हाला वाटेल, मुलींनी एवढं धाडस केलं. खरं सांगायचं तर आमची सगळ्यात मोठी भीती मालक नव्हतेच. भीती ही होती की घरी कळलं तर ‘परत या’ म्हणतील. छोटीच्या घरी आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुण्यात राहायची परवानगी तिला दोन वर्षं भांडून मिळाली होती, आणि ‘घरमालकाशी पोलीस चौकीपर्यंत वाद’ हे एक वाक्य ती परवानगी काढून घ्यायला पुरेसं होतं. मुलगे अशा वेळी मित्राच्या रूमवर गादी टाकतात. मुलींना तेही सोपं नसतं. म्हणून आपण गप्पपणे निघतो, डिपॉझिटवर पाणी सोडतो आणि घरी सांगतो, ‘कॉलेजजवळ चांगली रूम मिळाली.’ मालकांना हे गणित पाठ असतं. करारातल्या कलमांपेक्षा त्यांचा भरवसा या गणितावर जास्त असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पप्पांचं काय, तर पप्पा स्वतः घरमालक आहेत. लातूरला आमच्या घरावर दोन खोल्या आहेत. ट्यूशनसाठी, नीटच्या तयारीसाठी खेड्यापाड्यांतून आलेली चार पोरं तिथे राहतात. मी लहानपणापासून बघतेय, पोरं बदलतात, खोल्या त्याच. आईने त्यांना तापात पेज करून दिलीय, पप्पांनी एकाला रात्री दवाखान्यात नेलंय. आणि याच पप्पांनी एकदा, दोन दिवस उशिरापर्यंत मित्र बसले म्हणून, एका पोराला त्याच आठवड्यात खोली खाली करायला लावली होती. मला ते तेव्हा खटकलं नव्हतं. शिस्त वाटली होती.

पाण्याच्या त्या रात्री मी पप्पांना विचारलं, ‘आपण आपल्या पोरांना कधी कागद करून दिलाय का?’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कागद केला की हटत नाहीत लोक.’

ही भीती खोटी नाही, आणि तिची थट्टा करायचा माझा विचार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. पुण्यातल्या पेठांतल्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या नाममात्र भाड्याने राहणारी कुटुंबं आणि डागडुजीलाही पैसे न मिळणारे मालक, दोन्ही याच कायद्याने घडवले. तेव्हापासून मालकांच्या मनात बसलंय की कागद म्हणजे घर गेलं. आजचा कायदा उलटा आहे. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार मालकाच्याच जास्त कामाचा आहे. मुदत संपल्यावर परवानाधारक हटला नाही तर त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचा जलद रस्ता त्यामुळेच मिळतो. जी भीती सत्तर वर्षांपूर्वी योग्य होती, तिच्यापोटी आज मालक स्वतःचंही नुकसान करून घेतात आणि आपलंही.

तुमच्यापैकी पुष्कळ जण सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहत असतील. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे करारच नाही, लॉक-इन कसला घेऊन बसलीस. मान्य. तुमची बाजू आमच्याहून कमकुवत आहे, उगाच धीर देणार नाही. पण कागद नसेल तर माग तयार करा. रोख देऊ नका, द्यावे लागले तर पावती मागा. पैसे घेतल्यावर पावती देणं कायद्याने मालकाचं कर्तव्य आहे. जागा घेतानाच एक साधा मेसेज टाका: ‘काका, आजपासून कॉट नंबर तीन, महिना इतके, डिपॉझिट इतकं, सोडताना एक महिना आधी सांगायचं, असं ठरलं ना?’ ते ‘हो’ म्हणाले की झालं. ते ‘हो’ म्हणजे करार नव्हे, पण वेळ आली तर काहीच नसण्यापेक्षा बरंच काही आहे.

वकिलाच्या फीचा प्रश्न येईलच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. मुलींना आणि महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांनाही नाही. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर. हे मला पदवीच्या तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि ‘माध्यम कायदे’ हा अख्खा पेपर मी दिलेला आहे.

आमचं शेवटी काय झालं? सिनेमासारखं काही नाही. मॅडमच्या केबिनमध्ये मालक आले, सोबत त्यांचा मुलगा. सोसायटीची लेखी तक्रार त्यांच्याकडे नव्हतीच. बोलता बोलता मुलगा म्हणून गेला की शेजारच्या विंगेत २२ हजार भाडं मिळतंय. मग सगळेच थोडा वेळ गप्प बसले. ठरलं असं: आम्ही ३१ जानेवारीला जायचं, म्हणजे तिघींच्या परीक्षा आटोपतात आणि लॉक-इनही पूर्ण होतो. छोटीने तोवर राहायचं. डिपॉझिट निघायच्या दिवशी, किल्ली देताना, बँकेतून. रंगाचे तीन हजार कापून. ते तीन हजार मला अजून टोचतात, भिंती आम्ही घेतल्या तेव्हाही तशाच होत्या. पण आत शिरताना आम्ही भिंतींचे फोटो काढले नव्हते. तुम्ही काढा.

जिंकलो का, माहीत नाही. जूनपर्यंतचं घर जानेवारीत गेलं. पण परीक्षा त्याच टेबलावर, त्याच खिडकीशी बसून दिल्या, आणि छोटीच्या आईला आजवर काही कळलेलं नाही. (काकू, हे वाचत असाल तर सॉरी.)

पप्पांनी वरच्या पोरांना अजून कागद दिलेला नाही. मी दर रविवारी विचारते, ते दर रविवारी जेवलीस का विचारतात.

फेब्रुवारीत वारज्याला नवीन फ्लॅट घेतला. एजंट ठशांचं यंत्र घेऊन घरी आला, टॅबवर करार उघडला आणि म्हणाला, ‘मॅडम, इथे अंगठा द्या, मला अजून तीन ठिकाणी जायचंय.’ ताईने त्याला चहा दिला. आणि आम्ही तिघींनी जमिनीवर बसून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. यावेळी नावं तिघींची होती. चौथ्या पानावर नोटिशीची मुदत मालकासाठी पंधरा दिवस आणि आमच्यासाठी दोन महिने लिहिली होती. छोटीने बोट ठेवलं.

‘हे आधी बदला,’ ती म्हणाली, ‘मग अंगठा.’